चार बोटं

माझं संशोधन मुंग्यांवरचं म्हटलं की लोक हसतात. भौतिकशास्त्राचा माणूस आणि मुंग्या? हसू देत. सापगावला आमच्या अंगणात आई भात वाळत घालायची, मुंग्यांची रांग दाण्यांकडे निघायची. आई मुंग्या मारत नसे, ओल्या फडक्याने त्यांची वाट आडवी पुसून टाकायची. "चार बोटं पुसलं तर परत जुळतात. पाच पुसलं की रांग मोडली. एकेक मुंगी येडी रे, रांग शहाणी."

नव्वदच्या दशकात मुंबईला पीएचडी करताना मी याचंच गणित मांडलं: मुंग्या वाटेवर सोडतात तो वास किती तुटला की रांग कोलमडते. आईला शब्द दिला होता, लेख छापून येईल तेव्हा खाली तुझं नाव टाकीन. दोन वर्षं घासून वही भरली, पहिल्या पानावर आईचं अंगण आणि ओलं फडकं लिहिलं, आणि माझ्या मार्गदर्शक सरांच्या हातात ठेवली. झेरॉक्स काढली नाही. गुरुजींना द्यायची ती वहीच, नक्कल ठेवणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं, हे आमच्या घरचं वळण. केवढा मी बावळट!

वही काही परत आली नाही. लेख आला. समीकरणं माझी, नाव एकट्या सरांचं. जाब विचारला तर म्हणाले, "अरे, कल्पना काय, हवेत असतात. तू दुसरा विषय घे." केसाने गळा कापला आणि वर चहा पाजला! दाखवायला माझ्याकडे कागदाचा कपटा नव्हता. दुसऱ्या विषयात आणखी पाच वर्षं गेली, मग मुरबाडला कॉलेजात नोकरी धरली. आई दर सुट्टीत विचारायची, "आपल्या मुंग्यांचं छापून आलं का रे?" मी म्हणायचो, काम चालू आहे.

काही वर्षांनी कॉलेजने व्याख्यानाला नेमकं सरांनाच बोलावलं. आभार मानायचं काम प्राचार्यांनी माझ्या गळ्यात घातलं. आई हट्टाने आली. "तुझे गुरुजी, मी बघायला नको?"

सर रंगात आले. हात उंचावून म्हणाले, "एकदा एका खेड्यात अंगणात बसलो होतो. ओलं फडकं घेऊन मी मुंग्यांची वाट पुसली. चार बोटं!" सापगाव त्यांनी नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं. पहिल्या रांगेतून आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हातातला आभाराचा कागद वाचत राहिलो.

मग उठलो. बाजूला प्राचार्य, समोर पोरं. मी त्यांना "माझे गुरू" म्हणालो, मूग गिळले आणि सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

परतताना एसटीत आई माझ्याकडे वळून बसली. मग तिने चार बोटं जुळवून माझ्यासमोर धरली. "त्या माणसाने चोरलं, ते चोरलं. तो परका. पण तू तर माझा ना रे? पाचवं बोट तू पुसलंस. कशाला टाळ्या वाजवल्यास?"

मुंग्यांचं छापून आलं का, हे तिने पुन्हा कधी विचारलं नाही.