उतारावरच्या घरांचे चन्नप्पाअण्णा

चन्नप्पाअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मान वर करून उभे असलेले. आमच्या टेकडीवरच्या पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात मी झाडूकामाला लागले, तो पहिलाच दिवस. सकाळची वेळ. मोठ्या हौदांत ढग उतरलेले, कुठे आवाज नाही. बांबूच्या टोकाला लाल कापडाची लांब पिशवी वाऱ्याने फुगली होती आणि हे गृहस्थ तिच्याकडे असे बघत होते, जणू ती काही सांगतेय. मी म्हटलं, “साहेब, पाय उचला. झाडायचंय.”

ते बाजूला झाले. म्हणाले, “आज वारा उताराकडे आहे, तंगी.” कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. मला वाटलं, माणूस जरा सटकलेला दिसतो.

सटकलेले नव्हते. पाण्यातले जंतू मारायला क्लोरीन वायू लागतो. त्याच्या माणसाएवढ्या लोखंडी टाक्या आमच्या शेडमध्ये असत. वायू गळाला तर काय करायचं, हे बघणं अण्णांचं काम. हा वायू हवेपेक्षा जड. धुरासारखा वर जात नाही, पाण्यासारखा उतार धरतो. तेव्हा खोलगटात शिरू नका, वाऱ्याला आडवं निघा आणि उंचावर या, हे त्यांनी साहेबांना एकदा सांगितलं असेल, आम्हा झाडूवाल्यांना दहादा. वाऱ्याची पिशवी फाटली की दाजीबानपेठेच्या बाजारातून लाल कापड आणत आणि माझ्याकडून शिवून घेत. “टाका बारीक घाल, तंगी. खोटा वारा दाखवायला नको.”

त्यांची एक गोष्ट मात्र मला खुपायची. आमची वस्ती केंद्राच्या खाली, उतारावर. अण्णा तिथे घरोघरी चहाला जात. बाहेर ओट्यावर बसणार नाहीत, थेट आत. माझी आई कमरेखाली लुळी, तिच्या खाटेच्या कडेला बसून “कसं काय आये?” म्हणून चौकशी करीत. मला काही मनात ठेवता येत नाही. एकदा तोंडावर विचारलं, “अण्णा, तुमच्या घरी चूल नाही का?”

“आहे की. पण बायको साखर मोजून घालते,” म्हणाले आणि हसले.

मग ती सकाळ. शेडच्या दारातून फिकट हिरवट धुकं बाहेर आलं. खरं सांगते, दिसायला सुंदर होतं. गवतावरून इतकं हळू सरकत होतं की मी झाडू धरून बघतच राहिले. मग डोळे झोंबले, घसा आवळला, भोंगा वाजला. वारा उताराकडे होता आणि आई घरात एकटी.

मी उताराकडेच धावले. अण्णांनी दंड पकडला. “होगब्याड, तंगी! जाऊ नकोस. त्या धुक्याबरोबर उतरशील आणि तिथेच पडशील.”

“तुमची आई असती तर?” मी ओरडले. पुढे जे बोलले ते अण्णांच्या या गौरवग्रंथात छापता येणार नाही. अण्णांनी ऐकून घेतलं, हात सोडला नाही. मला दोन बायकांच्या ताब्यात देऊन वर, टेकडीच्या माथ्यावर पाठवलं.

जाता जाता त्यांचा आवाज ऐकला. पाठीवर हवेची नळकांडी लावलेल्या दोघांना ते सांगत होते, “तिसरं घर. दार आत उघडतं. डाव्या हाताला खाट. आये चालत नाही, चादरीसकट उचला. सहाव्यात बाळंतीण आहे, माडीवर. तिला खाली आणू नका, खिडक्या बंद करून वरच ठेवा.”

कागद नव्हता हातात. तेव्हा मला त्यांचा तो घरोघरचा चहा कळला.

मग अण्णा मुखवटा चढवून एका जोडीदारासह शेडमध्ये शिरले. कोणी तरी पाण्याचा पाइप ओढत आणला, त्याच्यावर खेकसले, “टाकीवर पाणी नको! भोक मोठं होईल!” काठीला अमोनियात भिजवलेली चिंधी बांधून ते टाकीभोवती फिरवत होते. गळती असेल तिथे त्या चिंधीतून पांढरा धूर उठतो. माथ्यावरून मला शेडच्या दारातून एवढंच दिसत होतं: हिरव्या धुक्यात दोन माणसं, पाण्याखाली चालावं तशी, आणि त्यांच्यामध्ये एकाएकी फुललेला पांढरा धूर. तिथला व्हॉल्व्ह त्यांनी आवळला. धुकं विरळ होत गेलं, गवत पुन्हा गवतासारखं दिसू लागलं.

त्याआधीच आई वर पोचली होती. तोंडावर ओलं फडकं, खोकत होती, आणि खोकल्याच्या मधून “मेल्यांनो, चादर फाडली माझी” म्हणत होती. अण्णांनी मुखवटा काढला आणि पहिले आमच्याकडे आले. “आये?” एवढंच विचारलं.

त्या दिवशी दिलेल्या शिव्या मी कधी परत घेतल्या नाहीत. अण्णांनी आठवणही काढली नाही. आज त्यांच्या पंचाहत्तरीला, तुम्हा सगळ्यांसमोर, त्या परत घेते.

आई अजून आहे. पहाटे ती गाढ झोपलेली असते, तेव्हा तिची छाती वर-खाली होते ती बघत मी कामाला निघायचं विसरते. अण्णा, तुमचाही श्वास असाच संथ, न अडखळता, शंभरीच्या पुढेही चालत राहो.