खेळला भागवत, नाव गणेशचं

जऊळक्याचा भागवत सहा फूट चार इंच. एसटीत बसला का गुडघे समोरच्याच्या पाठीत. कंडक्टर म्हणे, "अबे, तू टपावर बस, तुले दोन तिकिटं लागते." वाशिमच्या शाळेत मास्तरनं उंची पाहून हातात बास्केटबॉल देल्ला, अन् पोरगं तिथीच गुतलं.

पंधरा वर्सं खेळला. अकोला, नांदेड, भिलाई, कोठी कोठी गेला. कोण्या टीमचा गडी लंगडला का भागवतले फोन. पण नावाची यादी आधीच गेलेली राहे, मंग ज्याची जागा त्याच्याच नावावर उतरा लागे. जिंकले त सर्टिफिकेट त्या नाववाल्याचं. भागवतले गाडीभाडं, जेवण अन् एक जर्सी.

बहीण साधना लय चिडे. "दादा, तुया नावाचा एक कागद दाखव मले. भरतीत काय जर्सी दाखवशीन?"

"होईन वो. खेळ त मायाच हाये ना."

मानोऱ्याचा गणेश बाकावरच बसणारा. भागवतनं त्याच्या नावावर राज्याची स्पर्धा मारून देल्ली, अन् त्या कागदावर गणेश खेळाडूच्या कोट्यातून सरकारी नोकरीले लागला. मंग खात्याची टीम निंघाली. गणेशले त बॉल धड आपटता येये ना. पुन्हा फोन. "एवढ्या खेपेले वाचव भागवत. पुढच्या साली साहेबाले सांगून तुयाच नावावर उतरवतो तुले." वय चौतीस, गुडघ्यात पाणी झालेलं, तरी गेला. त्या एका बोलासाठीच गेला.

मार्चचं ऊन, सिमेंटचं ग्राउंड. भागवत छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाई.

दवाखान्यात यादी पाहून नाव लिवलं, गणेश. फोन बी गणेशच्याच घरी गेला. त्याची माय रडून राह्यली, अन् गणेश मांगच्या खोलीत लपून बसेल. साधनाले खरं सांगतलं ते टीममधल्या एका पोरानं.

ती अन् बाप जगदेव पोचले त पोलीस म्हणे, "कागदावर गणेश हाये. गणेशले आना, मंग बॉडी न्या."

दोन दिवस त्याचा फोन बंद. तिसऱ्या दिवशी आला, टीमच्या मॅनेजरले घेऊन. जबाब लिवूनच आनला होता. नाव लिवताना घोटाळा झाला, भागवत मॅच पाहाले आल्ता, चक्कर येऊन पडला.

"पाहाले?" साधना म्हणे. "जर्सी अजून अंगावर हाये त्याच्या!"

"ताई, खरं लिवलं त नोकरी जाईन. दोन लेकरं हायेत मले."

"अन् मायं काय गेलं रे?"

गणेशनं जबाबाचा कागद अन् पेन तिच्यापुढं सरकवला. जगदेव भितीले टेकून म्हणे, "सई कर, माय. तिकडं तुयी माय सोजर तीन दिवसापासून दारात बसेल हाये. पोरगं किती दिवस बर्फात ठेवशीन?"

साधनानं सई केली.

गाडी दारात थांबली तशी मायनं, सोजरबाईनं, आधी तेच इचारलं. "झालं का वो नाव बराबर? कागदावर भागवतच हाये ना?"

"हो माय, भागवतच हाये."

नावाच्या खाली काय लिवलं हाये, ते तिनं मायले आजपरेंत नाई सांगतलं.