माने सरांचा लसूण

आईशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे पहिला किस्सा घडला तेव्हा मी रजेवर होतो, पण ज्यांनी सांगितला ते माझ्याइतके खोटं बोलत नाहीत. आणि हो, एक गोष्ट मी पदरची घातली आहे. कोणती, ते शेवटी सांगतो.

मी नांदेडच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. आमच्या लॅबमध्ये सिंकखाली फुटक्या काचांची एक बादली आहे. रोज कुणीतरी त्यात एक तुकडा टाकतं, उपसत कुणीच नाही. किस्से तसेच साचतात. पूर्वी हे सांगताना मला हसू यायचं, आता डोकं फिरतं. तुम्ही हसा, माझी हरकत नाही.

*

लॅबमध्ये एक मोठं काचेचं कपाट असतं, फ्यूम हूड. विषारी वाफांची कामं त्यात करायची. वर बसवलेला ब्लोअर त्या वाफा ओढतो आणि गच्चीवरून बाहेर फेकतो. ब्लोअर नसेल तर हूड म्हणजे नुसतं शोकेस.

उन्हाळ्यात लग्नसराई लागली आणि आमचा ब्लोअर गेला. चोरीला नाही, संस्थेत गेला. नायगावकडं आमच्या संस्थेचं मंगल कार्यालय आहे. तिथल्या स्वयंपाकघरात भज्यांच्या धुरानं आचाऱ्याचे डोळे चुरचुरत होते म्हणे. संस्थेचे दोन मिस्त्री आले, ब्लोअर उतरवला, टेम्पोत टाकला.

माने सर प्राचार्यांकडं धावले. प्राचार्य शांतपणे म्हणाले, "माने, लग्न थांबत नसतं, प्रयोग थांबतो. दोन दिवसांत परत येईल."

आंब्याचे दिवस संपले, शाळा भरल्या, आषाढी झाली. ब्लोअर भजीच तळतोय!

*

आता माने सर कोण ते सांगतो. मूळचे शिरूर अनंतपाळचे, गळ्यात माळ, आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. चातुर्मासात कांदा-लसूण बंद म्हणजे बंद. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारी वर्षा किनवटकडची. आश्रमशाळेत शिकून इथवर आलेली. तिचं सगळं काम एका रसायनावर अडलेलं, सेलेनियम डायऑक्साइड.

दिसायला पांढरंशुभ्र, भगरीच्या पिठासारखं. गुण मोठा. किटोनच्या शेजारचा कार्बन नेमका धरतं आणि तिथं ऑक्सिजन नेऊन बसवतं, बाकीच्या रेणूला धक्का नाही. काम झालं की त्याचं सेलेनियम सुटतं आणि फ्लास्कमध्ये लाल गाळ बसतो. अवगुण त्याहून मोठा. ओल लागली की त्याचं आम्ल होतं, ते नखाखाली शिरलं तर माणूस रात्रभर कण्हतो. आणि वाफ किंवा धूळ छातीत गेली की शरीर त्या सेलेनियमचा एक वायू बनवून श्वासावाटे बाहेर काढतं. त्या वायूला वास येतो लसणाचा. हुबेहूब.

हूड बंद पडल्यावर माने सरांनी वर्षाला सांगितलं, ब्लोअर येईपर्यंत तू त्या रसायनाच्या डबीला हात लावायचा नाही. ती म्हणाली, "सर, मुदत संपून राहिली. मी तोंडाला रुमाल बांधून करते."

"तू गाळण कर, वाचन कर. ते मी करतो."

आणि करायला लागले. खिडकी उघडायची, तिच्याजवळ फ्लास्क तापवायचा, वारं फिरलं की मान फिरवायची. पन्नाशीच्या माणसाची ही सुरक्षा व्यवस्था! मी त्यांना म्हणालो, सर, काम बंद ठेवा. ते म्हणाले, बंद ठेवलं तर संस्थेचं काय जातं? पोरीचं जातं.

*

ऐन श्रावणात माने वहिनींचा मला फोन. आवाज थंड.

"भावजी, खरं सांगा. ह्यांना तुम्ही कुठं नेता जेवायला?"

मी म्हणालो, कुठंच नाही. तर त्या म्हणाल्या, तोंडाला लसणाचा वास येतो आणि बोटं लाल असतात. आता सेलेनियमचे डाग लालच पडतात, साबणानं जात नाहीत. पण ज्या बाईनं घरातून लसूण हद्दपार केलाय, तिला लाल बोटं आणि लसणाचा वास यातून काय दिसणार? तिला धाब्यावरची तंदुरी दिसणार.

मी सगळं शास्त्र समजावून सांगितलं. शरीर, सेलेनियम, वायू, श्वास. त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भावजी, तुम्ही लई गोष्टी सांगता हे मला माहीत हाय. पण माळ घातलेल्या माणसासाठी तरी खोटं बोलू नका."

आयुष्यात एकदा खरं बोललो, तर ही गत.

त्या दिवसापासून माने सरांचं ताट वेगळं. देवघरात जायची बंदी. आणि हा माणूस घरी पुरावा म्हणून वर्षाचं काम दाखवायलाही तयार नाही. म्हणाले, ती घाबरेल, उद्यापासून मला लॅबला येऊ देणार नाही.

*

लातूरला एक चर्चासत्र होतं. मी, माने सर आणि वर्षा, तिघं एसटीनं गेलो. वर्षानं पेपर इतका झकास वाचला की माने सरांनी खिशातून रुमाल काढला, तो पुन्हा आत जाईना.

जेवणाला दोन रांगा होत्या. एक सगळ्यांची, एक चातुर्मास पाळणाऱ्यांची. माने सर दुसऱ्या रांगेत ताट घेऊन उभे. वाढणाऱ्या मावशींना त्यांनी विचारलं, यात लसूण नाही ना? मावशींनी नाक आक्रसलं, पळी खाली ठेवली.

"यात न्हाई साहेब. तुमच्यात हाय. तिकडल्या लाईनीत जावा."

माने सर गेले. पलीकडं नुसता भात घेतला आणि कोपऱ्यात उभं राहून खाल्ला. वर्षाचं ताट तसंच राहिलं. अशा वेळी वाटतं, त्या मंगल कार्यालयात जावं आणि तो ब्लोअर चालू असताना त्यात प्राचार्यांचा टाय घालावा.

*

परत आल्यावर मी स्वतः प्राचार्यांकडं गेलो. हे विष आहे, म्हणालो. त्यांनी विचारलं, एवढं विष आहे तर त्याचा उपयोग काय?

मी उत्साहात सांगत सुटलो. काचेतली हिरवट झाक घालवायला सेलेनियम लागतं. जास्त घातलं तर काच लालभडक होते. बंदुकीच्या लोखंडाला काळानिळा रंग चढवायला हाच डायऑक्साइड. जनावरांच्या खुराकात याच्या भाईबंदांची चिमूट असते. कोंडा घालवायच्या शॅम्पूतसुद्धा सेलेनियमचं एक संयुग असतं.

इथंच चुकलो. प्राचार्यांचा चेहरा उजळला.

"बघा, लोक डोक्याला चोळतात आणि तुम्ही विष म्हणता!"

मी म्हणालो, सर, ते संयुग वेगळं, हे वेगळं. मिठात क्लोरीन असतो म्हणून क्लोरीन हुंगायचा का? तोवर त्यांनी फोन कानाला लावला होता.

*

मग तपासणी समिती आली. आदल्या दिवशी प्राचार्य लॅबमध्ये येऊन हूडकडं बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी हूडमध्ये अगरबत्ती लावलेली. समितीतल्या गृहस्थांनी विचारलं, हूड ओढतं का?

प्राचार्य म्हणाले, "बघा की, धूर कसा वर चाललाय."

धूर वरच जातो हो! देवळात जातो, स्मशानात जातो, खाली जाणारा धूर मी तरी पाहिला नाही. पण गृहस्थांनी मान डोलावली आणि चहाला गेले. माने सर पुढं होऊन बोलणार होते. प्राचार्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, मुलीचा व्हायवा अजून व्हायचाय ना?

माने सर मागं सरकले. खिडकीपाशी.

*

आता शेवटचा. आमच्याकडं खंडेनवमीला लॅबमधल्या उपकरणांची पूजा होते. तराजूला हळदकुंकू, बर्नरला फूल, हूडला झेंडूचं तोरण. पूजेला संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब स्वतः येतात. तेही माळकरी, गावोगावच्या सप्ताहांचे आश्रयदाते.

भाऊसाहेबांनी निखाऱ्यांचं धुपाटणं उचललं आणि थेट हूडमध्ये ठेवायला निघाले. माने सर आडवे आले. म्हणाले, आतल्या फरशीला जुनं सेलेनियम चिकटलेलं आहे, निखारा टेकवू नका, धूर विषारी होईल. भाऊसाहेब हसले.

"सर, एवढी वर्षं शिकवलं, देवाच्या धुपाला भ्यायचं?"

धुपाटणं फरशीवर टेकलं. राळ पडली. फोटोसाठी भाऊसाहेबांनी डोकं आत घातलं, प्राचार्यांनी शेजारून घातलं. वर ब्लोअर नाही, म्हणजे आला तेवढा धूर दोघांच्या वाट्याला. माने सरांनी वर्षाला दंडाला धरून बाहेर काढलं, मी त्यांच्या मागोमाग.

त्याच संध्याकाळी भाऊसाहेब सप्ताहात पहिल्या रांगेत, कीर्तनकार महाराजांच्या शेजारी. महाराज आधी वीतभर सरकले. मग हातभर. मग आरतीचं ताट भाऊसाहेबांना न देता पलीकडच्या माणसाला दिलं. सगळ्या मांडवानं पाहिलं. घरी गेल्यावर काय झालं ते कुणी पाहिलं नाही, पण सकाळी भाऊसाहेबांची गाडी कॉलेजात होती आणि ते लॅबच्या दाराशी तोंडावर उपरणं धरून उभे होते.

"माने सर, हा वास कशानं जातो?"

माने सर फ्लास्क धूत होते. वर न बघता म्हणाले, "ब्लोअरनं, भाऊसाहेब."

दुपारी टेम्पो आला. मिस्त्र्यांनी ब्लोअर बसवला. वर्षानं बटण दाबलं, हूड घरघरलं आणि लॅबभर भज्यांचा खमंग वास सुटला. तिनं डबीचं झाकण स्वतः उघडलं.

तर शेवटी सांगतो म्हणालो होतो. धूप खरा, महाराज सरकले ते खरं, वहिनींचं वेगळं ताट खरं, आजही तसंच आहे.

दुपारी आलेला टेम्पो मी पदरचा घातला.