प्रश्न साक्षीदाराला आहे

मी अकोला सोडलं त्या सकाळी जिल्हा न्यायालयाच्या बार रूममध्ये तुम्ही मला चहा पाजलात, हार घातलात आणि हार घालता घालताच विचारलंत, "वकीलसाहेब, म्हातारपणी मुलीच्या घरी राहणार?" मी म्हणालो, "मुलगी माझी कायदेशीर वारस आहे आणि भाडेकरार तिच्या नावावर आहे. आणखी काही हरकत?" तुम्ही हसलात. मग कोणीतरी मागून म्हणालं, "लहान पोरांचं दुःख उकरून काढायला एवढं शिकावं लागतं का हो? पोरं दोन दिवसांत विसरतात." बाहेर रिक्षा उभी होती, म्हणून युक्तिवाद तिथेच थांबला. तो आज पुढे चालवतो. या पत्राची एक प्रत इथल्या, मिशिगनमधल्या ट्रॉयच्या मराठी मंडळाच्या सभासदांनाही देत आहे, कारण तेच वाक्य मी इथेही ऐकलं, तेही मंडळाच्या अध्यक्षांच्या तोंडून.

माझी मुलगी केतकी मानसशास्त्रज्ञ आहे. डॉक्टरेट नुकतीच झाली, नोकरी नवी. अपघात, मृत्यू, हिंसा यांतून गेलेल्या मुलांना आणि किशोरवयीनांना नेमका कशाने आधार मिळतो, हा तिच्या संशोधनाचा विषय. मंडळाची मराठी शाळा रविवारी ज्या हॉलमध्ये भरते, तिथलीच मागची एक खोली तिने मुलांशी बोलण्यासाठी मागून घेतली होती. पहिल्याच रविवारी तिची अडचण माझ्या लक्षात आली. आपल्या पद्धतीप्रमाणे मुलाला काही विचारलं की उत्तर आई देते, आईने दम घेतला की वडील देतात, आणि मूल दोघांकडे आळीपाळीने बघत राहतं.

केतकीचा नियम वेगळा. पालकांनी संमतीपत्रावर सही केली तरी मुलाला स्वतंत्रपणे विचारायचं, आणि ते नको म्हणालं तर तिथेच थांबायचं. मी म्हणालो, ताब्याच्या दाव्यात आमचे न्यायाधीशही मुलाला चेंबरमध्ये बोलावून विचारत. ती म्हणाली, "बाबा, मग तुम्ही दाराशी बसा. आई-वडील सारखे आत डोकावतात. मला ते सांगायला जमत नाही, सगळे काका-काकू आहेत."

म्हणून मी दाराशी खुर्ची टाकली. अंगात काळा कोट घातला. अकोल्याच्या उन्हाळ्यात ज्याने मला चाळीस वर्षं उकडून काढलं, तो इथल्या थंडीपुढे रुमालाएवढाही उपयोगाचा नाही. केतकी म्हणाली, "कोट कशाला बाबा? लोक घाबरतील." मी म्हणालो, "तोच हेतू आहे."

फेब्रुवारीत एक बाई मुलीला घेऊन आल्या, चालत. ट्रॉयमध्ये कोणी चालत नाही. दूध आणायलासुद्धा लोक ड्राइव्ह करतात, आणि त्या दिवशी रस्त्याकडेला बर्फाचे ढीग होते. दोघींचे बूट ओले होते. मुलीला इशानी म्हणतो; खरं नाव दुसरं आहे. हे लिहिण्याची परवानगी मी तिच्या आईकडून घेतली आहे आणि तिच्याकडून वेगळी घेतली आहे. वर्षापूर्वी फ्रीवेवर बर्फावरून त्यांची गाडी घसरली, वडील बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होते. ते आता पूर्ण बरे आहेत आणि घरात तो विषय बंद आहे.

"बाळ, नाव काय तुझं?" मी विचारलं.

"इशानी," आई म्हणाली. "सेव्हन्थ ग्रेडला आहे. ती एकदम ओके आहे काका, विसरलीय सगळं. आम्ही फक्त असंच आलोय."

"चालत?"

"तिला गाडीत बसायचा कंटाळा येतो."

मी पुन्हा मुलीकडे वळलो. "तुला आत जायचं आहे का?"

"हो, जाईल ना ती," आई म्हणाली.

"ताई," मी म्हणालो, "प्रश्न साक्षीदाराला आहे."

बाईंचा चेहरा उतरला. मुलगी मात्र फिसकन हसली, माझ्या कोटाकडे बघून म्हणाली, "आर यू अ जज?"

"नाही. पण मला उत्तरासाठी थांबता येतं."

तिने बुटांवरचा बर्फ झटकला. मग म्हणाली, "ओके. आय विल गो. मॉम बाहेर बसेल ना?" आई बाहेर बसली. आत काय झालं ते मला ठाऊक नाही, मी विचारलेलं नाही आणि कोणी विचारू नये यासाठीच मी तिथे बसतो.

महिन्याभरात अध्यक्षांचा ईमेल आला. पुढच्या महिन्यापासून खोली मिळणार नाही, लोक अनकम्फर्टेबल आहेत, आपल्या मुलांवर संस्कार आहेत, त्यांना असलं काही होत नाही. मी मंडळाची घटना मागवून वाचली आणि तीन पानी उत्तर धाडलं: असा निर्णय सर्वसाधारण सभेशिवाय घेता येत नाही. सभा बोलवावी लागली.

सभेत मी उभा राहिलो. अध्यक्ष हसून म्हणाले, "काका, बसा ना. तुम्ही मेंबर नाही." मागून एक तरुण आवाज आला, "यार, काकांना समोसा द्या कोणीतरी." हशा झाला. मुद्दा कायदेशीर होता, मी बसलो. केतकी खाली मान घालून बसली होती. तिचं वर्षभराचं काम त्या हशात वाहून चाललं होतं.

तेव्हा इशानीची आई उठली. "मी मेंबर आहे," ती म्हणाली.

अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमची मुलगी तर ठीक आहे. पोरं विसरतात हो. तिला कशाला पाठवायचं तिथे?"

बाईंनी तोंड उघडलं. मला पुढचं वाक्य पाठ होतं. पण त्यांनी ते गिळलं आणि शेजारी बसलेल्या मुलीकडे बोट केलं. "तिला विचारा."

सभागृहात कोणाला काय करावं कळेना. इतक्या मोठ्यांसमोर मुलाला खरंच विचारायचं, याची सवय कुठे होती? शेवटी अध्यक्षांनी विचारलं.

"मी विसरले नाही," इशानी मराठीत म्हणाली. मग इंग्रजीत, "यू गाइज फरगॉट. आय वॉन्ट टू गो."

खोली वाचली असं समजू नका. निर्णय राखून ठेवला आहे आणि तो कसा लागेल याची मला शाश्वती नाही. तोवर केतकी गावच्या लायब्ररीच्या खोलीत काम करते. अर्धे पालक फिरकत नाहीत. इशानी येते, अजून चालतच.

मित्रांनो, तुम्ही दर फोनवर विचारता, "घरी कधी येणार?" अकोल्यातलं माझं घर उत्तम होतं. पण तिथे न्यायाधीशांचं चेंबर सोडलं तर मुलाला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबणारं कोणी मला आठवत नाही. इथे, लायब्ररीच्या मागच्या बाजूला, एका बंद दाराबाहेर माझी खुर्ची आहे. काल लायब्ररीवाल्या बाई मला म्हणाल्या, पुढच्या हॉलमध्ये गरम आहे, तिथे बसा. मी नकार दिला. माझा पत्ता तेवढा बदलून घ्या.