विशेषणांशी अबोला

माझ्या भाऊजींइतका इंग्रजीला घाबरलेला आणि तरीही तिच्याशी इतक्या इमानानं राहिलेला माणूस अख्ख्या विदर्भात दुसरा निघणार नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगतो. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. मूळचे काटोलचे, नोकरीपायी नागपुरात आले आणि मनीषनगरात घर बांधून राहिले. एका सरकारी कार्यालयात त्यांनी आयुष्यभर इंग्रजी पत्रांचे मसुदे लिहिले. अक्षर छापल्यासारखं, स्पेलिंगची चूक औषधालाही सापडायची नाही. त्यांचं हाडवैर होतं ते फक्त विशेषणाच्या मागून येणाऱ्या त्या चिमुकल्या शब्दाशी. अफ्रेड म्हटलं की ऑफ, गुड म्हटलं की अ‍ॅट, मॅरिड म्हटलं की टू. "विथ काहून नाही गा?" असं त्यांनी एकदा भर दुपारी माझ्या दुकानात येऊन विचारलं. "संसार तं दोघं मिळून करते. मग टू कसं काय?" मी म्हटलं, "भाऊजी, माझं स्टेशनरीचं दुकान आहे. मले वह्यांचं विचारा."

वह्यांचं ते विचारतच. माझ्याकडून दरवर्षी दोनशे पानी रजिस्टर न्यायचे. डावीकडे विशेषण, उजवीकडे त्याच्या मागून येणारा शब्द, आणि तिसऱ्या रकान्यात शेरा. अँग्री माणसावर असेल तर विथ, गोष्टीवर असेल तर अ‍ॅट. हे सगळं त्यांना तोंडपाठ. काटोलच्या बसमध्ये खिडकीशी बसून ते पुटपुटत असायचे, आणि शेजारचे लोक देवधर्माचा माणूस म्हणून सरकून जागा द्यायचे. पण प्रत्यक्ष कागदावर लिहायची वेळ आली की पाठ असलेलं सगळं संशयास्पद व्हायचं. एकदा ताई काही कारणानं भडकली होती, तर हे महाशय तिला शांतपणे विचारतात, "तू माह्यावर चिडली का माह्या वागण्यावर, ते आधी सांग वं. दोन्हीचं वेगळं असते." ताईनं हातातलं लाटणं ओट्यावर आपटलं. ते कुणावर आपटलं आणि कशावर, याची नोंद मात्र रजिस्टरात नाही.

पुढे पुढे त्यांनी यावर एक जालीम इलाज काढला. विशेषणच वापरायचं नाही! विशेषण नाही तर मागचा शब्द नाही, आणि शब्द नाही तर चूक नाही. त्यांच्या मसुद्यांत फक्त नामं आणि क्रियापदं उरली. हे ऑफिसपुरतं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण सवय घरी आली, इंग्रजीतून मराठीत उतरली. भाजी कशी झाली विचारलं, तर "झाली." नवीन साडी कशी दिसते, तर "दिसते ना." एकदा नात्यातल्या एका मुलीसाठी त्यांच्या ऑफिसातल्या पोराची चौकशी आली. मुलीचे वडील खास भेटायला आले. "पोरगा कसा आहे जी?" भाऊजी म्हणाले, "पोरगा आहे." "तो तं आहेच, पण कसा आहे?" भाऊजींनी बराच विचार करून सांगितलं, "नोकरीत आहे." पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. पोरात काहीतरी मोठी खोट असल्याशिवाय असं कुणी बोलत नाही, अशी त्यांची खात्री पटली. ते लग्न जुळवता जुळवता माझ्या नाकीनऊ आले.

माझ्या मुलाला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागायची होती तेव्हाची गोष्ट. अर्जाचा मेल भाऊजींना दाखवून घे, असं मीच मूर्खासारखं त्याला सांगितलं. तीन दिवस मेल भाऊजींकडे. चौथ्या दिवशी पोरानं फोनकडून तपासून घेऊन पाठवून दिला, आणि नोकरी लागलीसुद्धा. भाऊजींना आनंद झाला, पण मान हलवत म्हणाले, "फोननं लिहून देल्लं, ठीक आहे. पण उद्या साहेबानं केबिनमधी बोलावलं, तं फोन उभा राहीन का याच्या जागी?"

केबिनमध्ये बोलावणारा तो साहेब कोण, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. भाऊजींचे वडील काटोलच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या ठोकायचे. आजोबा छपन्न साली दीक्षाभूमीवर जाऊन आलेले. घरात एकच शिकवण होती: शिकायचं, आणि असं शिकायचं की कुणाला बोट ठेवायला जागा सापडू नये. नोकरीच्या पहिल्याच वर्षी साहेबानं त्यांच्या मसुद्यात एका विशेषणामागच्या शब्दाभोवती लाल गोल केला, त्यांना केबिनमधून बाहेर आणून सगळ्या सेक्शनसमोर तो मसुदा मोठ्यानं वाचला, आणि म्हणाला, "कोट्यातून आलं की असंच व्हायचं." चूक एका शब्दाची होती, काढली ती आडनावाची. पुढे भाऊजी रिटायर झाले, तो साहेब केव्हाच वारला, पण यांच्या डोक्यातलं ते केबिन काही बंद झालं नाही. मला राग येतो तो याचा. एका फालतू माणसाच्या एका वाक्यानं माझ्या बहिणीचा संसार मुका करून टाकला.

ताई महापालिकेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. पस्तीस वर्षं तिनं शेंबड्या पोरांच्या पाट्यांवर 'छान' लिहिलं. तिला मात्र घरात कुणी कधी छान म्हटलं नाही. यंदा ती रिटायर झाली, तेव्हा आम्ही मनीषनगरातच एक हॉल घेऊन दुपारचा छोटा कार्यक्रम ठेवला. भाऊजी दोन शब्द बोलणार होते. ताई आठ दिवस आधी दुकानात आली आणि वह्या उगाच चाळत म्हणाली, "बापू, आता तरी काही बोलतीन ना गा हे? मले भाषण नाही पायजे. एकच शब्द बोलले तरी पुरे."

भाऊजींनी इंग्रजीतच बोलायचं हे कधीच ठरवलं होतं. मराठीत तर कुणीही बोलतं, ताईसाठी काहीतरी खास पाहिजे ना! दोन महिने तयारी चालली होती. रोज संध्याकाळी दुकानात हजर. "ग्रेटफुल माणसाले असलं तं टू, गोष्टीसाठी असलं तं फॉर. तुह्यी ताई माणूस झाली, पण तिनं जे केलं ते गोष्ट झाली. मी काय लावू?" मी वैतागून म्हटलं, "दोन्ही लावा अन् मोकळे व्हा!" ते काकुळतीला येऊन म्हणाले, "अन् दोन्ही चुकले तं?" मी कपाळाला हात लावला. या माणसापुढे उपाय नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. भाऊजी उठले, चष्मा पुसला, कागद उलगडला. "माय वाइफ इज," म्हणाले आणि थांबले. पंखे फिरत होते. पहिल्या रांगेत ताई नवी साडी नेसून, पदर सावरून, मान किंचित पुढे काढून बसली होती. "माय वाइफ इज," ते पुन्हा म्हणाले. कपाळावरून घाम ओघळला. मग त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "जयभीम. सगळ्यायनं जेवून जा." लोक मनापासून हसले, टाळ्यासुद्धा पडल्या. ताईही हसली. पण मी तिचा भाऊ आहे, मला ते हसू कळतं. जेवणाच्या पंगतीत तिनं एक घासही खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना चार शब्द सुनावायचेच असं ठरवून घरी गेलो. भाऊजी मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत होते. ताई दिवाणावर बसली होती आणि तिच्या मांडीवर तो कागद होता, धुण्याच्या आधी शर्टाच्या खिशातून निघालेला. तिनं तो माझ्या हातात दिला. वर एकदाच लिहिलं होतं, माय वाइफ इज. खाली दोन्ही बाजूंनी विशेषणंच विशेषणं. पेशंट. काइंड. ब्रेव्ह. ऑनेस्ट. ब्युटिफुल. पस्तीस-चाळीस असतील. प्रत्येकाच्या मागे त्या चिमुकल्या शब्दासाठी थोडी जागा कोरी सोडलेली, आणि प्रत्येक शब्द खोडलेला. खोडलेलाही कसा, तर फूटपट्टी लावून एका बारीक रेघेनं आणि बाजूला लघुस्वाक्षरी. सरकारी कागदावरचा नियमच तो. खोडायचं तर एकाच रेघेनं, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि कुणी खोडलं ते कळलं पाहिजे. मी कागद परत ताईच्या मांडीवर ठेवला.

भाऊजी आत आले, कागद पाहिला आणि दारातच थबकले. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. "अजी, यातला एक तरी मोठ्यानं म्हटला असता."

"मले भेव वाटलं," भाऊजी म्हणाले. "सगळ्यायसमोर चुकलो असतो तं?"

"चुकले असते तं माह्यासमोर चुकले असते ना. मी का तुमची साहेब आहो?"

भाऊजींनी ओले हात शर्टाला पुसले. मग ताईनं दिवाणावर सरकून जागा केली आणि ते येऊन बसले. तिथं माझं काही काम नव्हतं. मी चपला घालत होतो तेव्हा ताई कागदावर बोट ठेवून एकेक शब्द वाचत होती आणि विचारत होती, हा काहून खोडला, अन् हा काहून खोडला. भाऊजी काहीतरी सांगत होते, पण इतक्या हळू, की ते मला काही ऐकू आलं नाही.