खाकी कव्हरातला फ्लेमिंगो

लायब्ररीतली पुस्तकं हरवतात, किस्से मात्र कोणी घरी नेत नाही. ते साठत जातात, आणि एखाद्या दिवशी चहा जरा चांगला झाला की बाहेर पडतात. आज झालाय, तेव्हा ऐका.

आमची लायब्ररी म्हणजे खारघरमधल्या आमच्या सोसायटीत मीटर रूमच्या शेजारची दहा बाय बाराची खोली. चार कपाटं, एक लांब टेबल, आणि मी. ऑफिसातून रिटायर झाले, हे गेले, त्यानंतर रोज संध्याकाळी पाचला ती खोली मी उघडते. आमचे सेक्रेटरी सावंत एकदा दारात उभे राहून म्हणाले, "काकू, इथे कोण येतं? वार्षिक मीटिंगमध्ये ठराव आणतोय. जिम करू."

मी म्हटलं, आणा ठराव. मी इथून हलणार नाही. आवाज चढा होता, पण ही खोली गेली तर पाच वाजता मी कुठे जाणार, हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

*

बी विंगमधले कांबळे सर म्हणजे रिटायर्ड ड्रॉइंग टीचर. त्यांनी सुचवलं की वर्षभराच्या पुस्तकांच्या पैशांत एकच घ्यायचं, पण असं की माणूस आत ओढला गेला पाहिजे. आणि त्यांनी एक चित्रकादंबरी दाखवली. मिठागरात राबणाऱ्या मुलीची सावली मिठाचा राजा पळवून नेतो, आणि ती डोंगराएवढ्या फ्लेमिंगोवर बसून सावली परत आणायला निघते. पानापानावर रंगवलेली चित्रं, शब्द अगदी मोजके.

मी तासभर भांडले. एवढं महाग, ते पण चित्रांचं? लहान मुलांना द्यायचंय का? सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त चौथं पान बघा."

चौथं पान बघितलं. समोरची खाडी मी वीस वर्षं बघतेय, पण ती अशी जांभळी मला कधी दिसली नव्हती. पुस्तक घेतलं.

*

दोन महिने त्या पुस्तकाला कोणी हात लावला नाही. माझी झोप उडाली. सर रोज येऊन कपाटाकडे बघायचे आणि घरी जायचे.

शेवटी एक दिवस त्यांनी विचारलं की मॅडम, पुस्तक ठेवलंय कुठे? मी अभिमानाने दाखवलं. नवीन पुस्तक आलं की त्याला खाकी कव्हर घालायचं, कण्यावर नंबर टाकायचा, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम. अख्खा फ्लेमिंगो मी खाकी कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, जमाखर्चाच्या वहीसारखा करून ठेवला होता!

सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मॅडम, कात्री द्या."

*

फ्लेमिंगो बाहेर आला आणि टेबलावर उघडा राहिला. नियम दोनच. पुस्तक घरी न्यायचं नाही आणि हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही.

सगळ्यात आधी अडकले जाधवमामा. मूळचे साताऱ्याचे, सगळी उमर एपीएमसी मार्केटात कांद्याची पोती वाहिलेली. लाइट बिलाचं विचारायला आले होते. पुस्तकात मिठाच्या राजाचे हमाल पोती वाहतात, ते पान उघडं होतं. मामा बराच वेळ वाकून बघत राहिले.

"ताई, ज्यानं हे काढलंय ना, त्यानं सोता पोतं उचललंय. नुसतं बघून मान अशी येत न्हाय."

मग स्वतःच नळावर जाऊन हात धुऊन आले आणि पहिल्या पानापासून बसले.

*

दुसरी कविता. ती महाप्याला आयटीत आहे. वॉचमन पार्सलं आमच्याकडे ठेवतो, म्हणून ती यायची. पार्सल घ्यायची आणि मान वर न करता जिन्याकडे पळायची. एकदा पार्सल बरोबर पुस्तकाशेजारी होतं. ती उभ्या उभ्या एक पान बघायला लागली, मग बसली.

पाऊण तासाने नवऱ्याचा फोन आला. कविताने पान उलटत सांगितलं, "अरे, अजून महाप्यालाच आहे. काय ट्रॅफिक आहे माहितीये!"

तिचा फ्लॅट बरोबर आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर आहे. मी आणि सरांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

*

पुस्तक एक आणि माणसं वाढत चालली, तेव्हा एकत्र वाचायचं ठरलं. पान उलटायच्या आधी सगळ्यांना विचारायचं. भांडण इथेच झालं. कविता भरभर पुढे जाणारी, तर मामा एकेका पोत्याची शिवण बघणारे. मिठाच्या राजवाड्याचं पान आलं. दोन्ही बाजूंना पसरलेलं, एक शब्द नाही. कविताने कोपरा धरला आणि मामांनी पानावर तळहात ठेवला.

"पोरी, थांब. आत्ता कुठं आत शिरलोय."

त्या दिवशी ते पान उलटलंच नाही. कविता चिडून गेली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन तेच पान उघडून बसली.

*

मीटिंगला महिना राहिला तेव्हा सावंत मेजर टेप घेऊन आले. जिमची मशीन देणाऱ्याला खोलीची मापं हवी होती.

"काकू, दोन मिनिटांचं काम आहे. तुमचं चालू द्या."

मी म्हटलं, घ्या मापं, पण टेबलाला हात लावायच्या आधी हात धुवा. ते हसले, पण धुऊन आले. टेबल सरकवायचं म्हणून त्यांनी पुस्तक उचललं. पान उलटू नये म्हणून त्यावर टेप ठेवली. मग खुर्ची ओढली.

साडेसातला मी कुलूप लावायला उठले तेव्हा ते दचकले. म्हणाले, अर्धवट राहिलंय, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशी आले. चौथ्या दिवसापासून टेप घरीच विसरायला लागले.

मीटिंगचा दिवस आला. मी पहिल्या रांगेत बसले. हातात पुस्तकावरून काढलेल्या खाकी कव्हराची घडी होती, ती का घेतली होती कोण जाणे. पलीकडे मामा, कविता, कांबळे सर. अध्यक्षांनी विषय वाचला, लायब्ररीच्या जागी जिम. मला समोरचं नीट दिसेना झालं.

अध्यक्ष म्हणाले, "सावंत, खोलीची मापं द्या, म्हणजे ठराव मताला टाकू."

सावंत उठले. चष्मा पुसला. माझ्याकडे अजिबात बघितलं नाही.

"अजून मापं घेतोय, साहेब. खोली खूप मोठी आहे."