रस्त्यात काढतो

माझ्या गाडीचा काटा ऐंशीच्या पुढं जात नाही. पाय दाबा, शिव्या द्या, हात जोडा, ऐंशी म्हणजे ऐंशी. पिवळ्या पाटीच्या, भाड्याच्या गाडीला हे कुलूप आता कंपनीतूनच येतं. आमच्याकडं त्याला नुसतं लॉक म्हणतात. पांढऱ्या पाटीला ते नाही. म्हणजे पंचवीस वर्षं ज्याच्या हाताला स्टेअरिंगचे घट्टे पडलेत त्यानं ऐंशीनं जायचं, आणि ज्याला परवा बापानं गाडी घेऊन दिली त्यानं शेजारून सव्वाशेनं हॉर्न वाजवत जायचं. हा न्याय ज्यानं काढला त्याला एकदा माझ्या शेजारी बसवून सोलापूरपर्यंत न्यायची माझी लई इच्छा आहे.

मी तुळजापुरात स्टँडवर गाडी लावतो. दर्शन करून आलेल्या लोकांना सोलापूरच्या रेल्वेला सोडायचं, हा आमचा मुख्य धंदा. दर्शनाची रांग कधी सुटेल याचा नेम नाही, त्यामुळं लोक कायम उशिरा, घामाघूम होऊन येतात आणि विचारतात, रेल्वे सापडंल का. त्यावर आमच्या स्टँडचं एकच उत्तर ठरलेलं आहे: रस्त्यात काढतो. म्हणजे तुम्हाला झालेला उशीर मी रस्त्यात भरून काढतो, तुम्ही फक्त बसा. जुन्या गाडीवर हे शब्द मी हजारदा बोललो असेन, आणि एकाचीही रेल्वे चुकू दिली नाही. गर्व होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू?

नवी गाडी आली तेव्हा बायकोनं घरी बुद्धवंदना घेऊन पेढे वाटले. आमच्या घरात लिंबू-नारळ नाही, पण स्टँडवरच्यांनी चाकाखाली लिंबं ठेवलीच. ठेवली तर ठेवली. आठवड्याभरात माझ्या ध्यानात आलं की नवी गाडी घेऊन मी स्टँडवर सगळ्यात मागासलेला माणूस झालोय.

स्टँडवर नंबर असतो. जो आधी आला त्याची गाडी आधी भरते. मधेच लाइन सोडून गेलात की परत येऊन शेपटाला उभं राहायचं, मग तुम्ही कुणी का असेना. पण गिऱ्हाईकाला नंबराचं काय पडलंय? तो डोकं आत घालून विचारतो, लॉकची गाडी हाय का. व्हय म्हटलं की मागच्या गाडीत जाऊन बसतो. मागच्या गाड्यांना लॉक नसतं असं नाही. त्यांची वायर काढलेली असते. पासिंगच्या दिवशी जोडायची, आरटीओच्या साहेबानं बघितलं की संध्याकाळी काढायची. मलाही सगळे तेच सांगत होते. पण वायरीला हात लावला तर वॉरंटी गेली, असं शोरूमवाल्यानं बजावून सांगितलेलं. नव्या कोऱ्या गाडीची वॉरंटी घालवायला जीव धजेना. मग बसलो बोंबलत, नंबर पहिला आणि गाडी रिकामी.

घरी येऊन मी आबांपुढं चिडचिड करायचो. आबा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. ते म्हणायचे, आमच्या लाल गाडीला तर पासष्टचं लॉक होतं. मी म्हणायचो, आबा, तुमचं सरकारी काम, तुमची गाडी सोडून मागच्या गाडीत कोण बसणार होतं? यावर ते उठून जेवायला जायचे. मला वाटायचं, मी त्यांना निरुत्तर केलं.

आता त्या दिवसाचं सांगतो. माझी मुलगी नर्सिंग झालेली. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात सकाळी नऊला तिचा पेपर होता आणि लगेच मुलाखत. वर्षभर तिनं या एका जागेसाठी वाट बघितली होती. सोलापूरहून दुपारी पावणेचारची रेल्वे होती, तिकीट पक्कं होतं, रात्री मैत्रिणीच्या खोलीवर मुक्काम. आबा नातीला निरोप द्यायला सोलापूरपर्यंत येणार होते. ती सकाळीच म्हणाली होती, बाबा, दोन वाजता निघू. मी म्हणालो, बरं.

पण दोनला माझ्या पुढं फक्त एक गाडी होती. सकाळपासून उभा होतो. आणि त्याच दिवशी एक म्हातारं जोडपं माझ्याच गाडीत बसायचं म्हणत होतं, सावकाश चालवणारा पाहिजे म्हणून. किती दिवसांनी कुणी माझ्या गाडीला हो म्हटलं होतं. जवळच्याच लॉजवरून ते दोघं सामान घेऊन येईपर्यंत माझा नंबर लागणार होता. मुलीचा फोन आला. मी म्हणालो, दहा मिनिटं. अडीचला परत फोन आला. मी म्हणालो, अगं, रस्त्यात काढतो. ते जोडपं काही आलं नाही. पावणेतीनला मी लाइन सोडली, घरी गेलो, ती बॅग घेऊन दारातच उभी होती. निघायला तीन वाजत आले.

हिशोब मी जुन्या गाडीचा करत होतो, हे मला तामलवाडीच्या पुढं कळलं. पुढं मळीचा टँकर होता, पंचाहत्तरनं चाललेला. मी उजवीकडं काढून त्याच्या शेजारी आलो आणि शेजारीच राहिलो. त्याचं मागचं चाक, मग मधलं चाक, मग परत मधलंच चाक. पाय तळाला टेकलेला आणि काटा ऐंशीवर चिकटलेला. मागं एक पांढरी गाडी डिपर मारून मारून मला आरशातून आंधळं करत होती. तेवढ्यात समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या भरलेला, आमच्याच बाजूनं, उलटा. दुभाजकाला जिथं फट आहे तिथपर्यंत हे लोक असेच येतात, वळसा वाचवायला. जुनी गाडी असती तर टँकर मागं टाकून डावीकडं गेलो असतो, विषयच संपला असता. मला आणखी दहाचा वेग हवा होता. फक्त दहा.

“मागं घे,” आबा मागच्या सीटवरून म्हणाले.

मी ब्रेक दाबला. मागच्या पांढऱ्या गाडीचा ब्रेक करकचून वाजला. टँकर पुढं गेला, मी त्याच्या मागं घुसलो, पांढरी माझ्या मागं, आणि ट्रॅक्टर आमच्या आरशाजवळून उसाची पानं घासत गेला. मुलीचा हात डॅशबोर्डवर होता. तिनं तो बराच वेळ काढला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी लॉकला शिव्या दिल्या, ट्रॅक्टरवाल्याला दिल्या, कायदा करणाऱ्याला दिल्या.

सोलापुरात आत शिरल्यावर जे व्हायचं तेच झालं. सिग्नल, गर्दी, रिक्षा. स्टेशनवर मी गाडी कशीबशी लावली आणि तिची बॅग घेऊन पळालो. प्लॅटफॉर्म रिकामा होता. झाडूवाली बाई म्हणाली, आत्ताच गेली बघा.

मी परत सुरू झालो. हे असलं कुलूप घालून माणसाचं नुकसान करतात, उद्या तिची जागा गेली तर भरून देणार का, वायर मी आजच्या आज तोडतो, वॉरंटी गेली खड्ड्यात. मुलगी माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती. हळूच म्हणाली, “बाबा, मी दोनला निघू म्हटलं होतं.”

मी म्हणालो, नंबर होता गं माझा. आणि म्हणताना मलाच ते कसंतरी वाटलं.

आबांनी तोवर तिची बॅग उचलली होती. त्यांना पुण्याची एसटी कधी आहे ते विचारायचीही गरज नव्हती, त्यांना पाठ होतं. बसस्टँडवर गाडी उभीच होती, सीटं भरलेली. पोरीनं एकटीनं रात्री पुण्यात उतरायचं म्हणून आबाही अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये चढले, पंच्याहत्तरीचा माणूस. दारात दांडा धरून मला म्हणाले, “माझी गाडी पासष्टनं जायची. पण वेळेला सुटायची.” एवढंच. कंडक्टरनं घंटी मारली आणि बस वेळेला सुटली.

परत येताना रस्ता मोकळा होता. मी पाय तळाला टेकवूनच आलो, घरापर्यंत. काटा ऐंशीच्या पुढं गेला नाही. लॉकबद्दलचं माझं मत आजही बदललेलं नाही. घालायचं तर पांढऱ्या पाटीलाही घाला, आणि उलट येणाऱ्या ट्रॅक्टरचं आधी बघा. हे मी कुणापुढंही सांगेन. पण त्या दिवशी गाडीत मी एकटाच होतो आणि ऐकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. मी स्टँडवर होतो, लाइनीत पहिला. ती म्हणाली, रात्री पोचायला अकरा वाजले, अर्धा रस्ता उभ्यानं आलो, मग एका माणसानं आबांना जागा दिली. झोप नीट झाली नव्हती, तरी पेपर दिला, मुलाखतही झाली, बघू. मी म्हणालो, कळव कधी येणार ते, मी सोलापूरला घ्यायला येतो, यावेळी दोन तास आधी येऊन थांबतो.

ती म्हणाली, “नको बाबा. मी आणि आबा थेट तुळजापूरच्या एसटीनंच येतो. तुम्ही नंबर सोडू नका.”

टोमणा असता तर माझ्याकडं उत्तर होतं. पण तिला खरंच वाटत होतं की माझा नंबर जाऊ नये.